छत्तीस गड, पण किल्ले कुठे?

गड म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि पाण्याची टाकी येतात. आल्प्समधल्या बेलिंझोना शहरातही असंच आहे: दरीची वाट अडवणारे तिथले तीन मध्ययुगीन किल्ले 2000 साली जागतिक वारसा ठरले. 2025 मध्ये तो मान आपल्या 12 मराठा किल्ल्यांना मिळाला. हीच कल्पना घेऊन रायपूरला उतरणारा दुर्गप्रेमी मात्र गोंधळतो. राज्याच्या नावातच छत्तीस गड. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे 18, दक्षिणेला रायपूरचे 18. पण यादीतल्या पाटण, सिमगा, राजिम या गावांना चढायला डोंगरच नाही, सभोवार धानाची सपाट शेतं. माझ्या मते इथे उणीव गडांची नाही, आपल्या शोधाची आहे. रतनपूर-रायपूरवर राज्य करणाऱ्या कलचुरी घराण्याच्या काळात गड हा दगडाआधी मुलखाचा हिशेब होता.

त्या हिशेबाची रीत अशी: गावाचा प्रमुख गौंटिया, 12 गावांच्या बरहोंचा दाऊ आणि 84 गावांच्या गडाचा दिवाण. रतनपूरचा कलचुरी राजा कल्याणसाय याच्या काळातल्या जमाबंदीच्या वहीवरून इंग्रज अधिकारी चिझम यानं 1868 च्या बिलासपूर अहवालात ही रचना मांडली. यावर एक आक्षेप जुनाच आहे. 'छत्तीसगड' हे 'चेदीशगड'चं रूप असावं, असं रायबहादूर हिरालाल यांचं मत होतं, आणि 36 हा आकडाही सांकेतिक असू शकतो. पण नावाची व्युत्पत्ती बदलली म्हणून वसुलीची रचना खोटी ठरत नाही, आणि माझा मुद्दा तिच्याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. कोरबा जिल्ह्यातला, पालीजवळचा चैतुरगड तर खराखुरा गिरिदुर्ग आहे. उंची सुमारे 3,060 फूट. मेनका, हुंकरा आणि सिंहद्वार असे तीन दरवाजे. माथ्यावर तलाव आणि महिषासुरमर्दिनीचं मंदिर. हे सगळं खरं. पण बांधकाम नीट पाहावं: डोंगराचे कडे जिथे सरळ तुटलेले आहेत तिथे भिंत घातलेलीच नाही, फक्त कडा जिथे ढिला पडतो तिथे तट आहे. तट घालणाऱ्यानं आधी डोंगर वाचला, मग दगड उचलला. असा दुर्ग छत्तीसमध्ये अपवाद आहे. अपवाद पाहायला अवश्य जावं, पण त्याच्या मापानं बाकीच्यांना खुजं ठरवू नये.

बाकीचे गड कुठे गेले, या प्रश्नाचं उत्तर मराठी वाचकाला टाळता येणार नाही. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर 1741 मध्ये रतनपूरवर आले. 1758 ते 1787 बिंबाजी भोसल्यांनी तिथूनच कारभार केला. रतनपूरच्या रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचंच. त्यांच्यानंतर सुभेदारी आली आणि सुभेदार विठ्ठल दिनकरांनी गडांची व्यवस्था मोडून 27 परगणे केले, त्यांवर कमाविसदार नेमले. म्हणजे छत्तीस गड तोफेनं पडले नाहीत. आपल्याच कारकुनांच्या वहीतून ते उतरवले गेले. पडका तट निदान डोळ्यांना दिसतो. वहीतून पुसलेला गड शोधायला वही वाचावी लागते.

मग रायपूरहून जायचं कुठे? चैतुरगडाआधी मी खल्लारीचं नाव घेईन. दक्षिणेच्या 18 गडांपैकी हा एक. माता खल्लारीचं मंदिर टेकडीवर आहे. पण इथली मोठी गोष्ट एका शिलालेखात आहे. रायपूरचा कलचुरी राजा हरिब्रह्मदेव याच्या काळातला, 1415 चा हा लेख सांगतो की इथलं नारायण मंदिर देवपाल नावाच्या मोच्यानं बांधलं. राजाचं कौतुक करणाऱ्या दगडावर चांभाराचं नाव आणि त्याचा व्यवसाय कोरलेला आहे. गड म्हणजे मुलखातली माणसं, त्यांचा सारा, त्यांची भक्ती आणि त्यांची ऐपत, हे खल्लारीचा तो लेख कुठल्याही बुरुजापेक्षा स्पष्ट सांगतो.