चेंडू हवेत असताना नियम बदलला तर?

समजा, तुम्ही एक चेंडू सरळ वर फेकला आहे आणि तो वर जात असतानाच कोणी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण काढून घेऊन त्या जागी चंद्राचे आणून ठेवले. चेंडू किती उंच जाईल? प्रत्यक्षात असा प्रयोग करणे शक्य नाही. मोबाइलच्या पडद्यावर मात्र तो सहज करता येतो, आणि मोबाइलसाठी अ‍ॅप तयार करणारी मंडळी दिवसातून कितीतरी वेळा अशाच स्वरूपाचा उद्योग करीत असतात. अ‍ॅप चालू आहे, ते बंद न करता त्याच्या आतील आज्ञा बदलायच्या, आणि अ‍ॅपने जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालत राहायचे! या सोयीला हॉट रीलोड असे नाव आहे.

अशी सोय हवी कशाला, असे तुम्ही विचाराल. चेंडूच्या खेळाचेच एक अ‍ॅप तुम्ही लिहीत आहात असे धरा. खेळाच्या नऊ पायऱ्या आहेत आणि नवव्या पायरीवर चेंडू भिंतीत घुसतो असा दोष तुम्हाला आढळला. जुन्या पद्धतीने तो दुरुस्त करायचा तर आज्ञावलीत बदल करावयाचा, ती सगळी पुन्हा यंत्राच्या भाषेत भाषांतरित करावयाची, तिचे गाठोडे बांधून फोनवर पाठवावयाचे, अ‍ॅप उघडावयाचे आणि पहिल्या आठ पायऱ्या पुन्हा खेळून नववीपर्यंत पोचावयाचे. तेथे गेल्यावर कळते की चेंडू आता भिंतीत घुसत नाही, पण भिंतीपासून वीतभर अलीकडेच उसळतो. झाले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! यात वेळ जातो हे खरेच, पण त्याहून मोठे नुकसान असे की मधल्या काळात आपण काय तपासत होतो हेच माणूस विसरतो. हॉट रीलोडमध्ये बदल करून एक कळ दाबली की बहुधा सेकंदभरात नवी आज्ञा लागू होते, आणि तुम्ही नवव्या पायरीवर होता तेथेच असता.

हे कसे साधते ते समजण्यासाठी एक कागदी खेळ खेळू. एक चिठ्ठी घ्या आणि एक वही घ्या. वहीत दोन रकाने आखा, एक उंचीचा आणि दुसरा वेगाचा. चिठ्ठीवर नियम लिहा: “दर सेकंदाला नवी उंची काढण्यासाठी जुन्या उंचीत वेग मिळवा आणि ५ वजा करा, नवा वेग काढण्यासाठी जुन्या वेगातून १० वजा करा.” गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर गतीच्या समीकरणांवरून हाच नियम निघतो, हे तुमच्या लक्षात आले असेलच. सुरुवातीला वहीत उंची ० आणि वेग २० लिहा. एका सेकंदानंतर उंची १५ मीटर आणि वेग १० होईल. दोन सेकंदांनंतर उंची २० आणि वेग ०. चेंडू माथ्यावर पोचला.

संगणकही नेमके हेच करतो. चिठ्ठी म्हणजे कोड, आणि वही म्हणजे स्टेट, आपल्या भाषेत अवस्था. चिठ्ठीला चेंडू कुठे आहे याचा पत्ता नसतो आणि वहीला गुरुत्वाकर्षण ठाऊक नसते. या दोन गोष्टी वेगळ्या असतात म्हणूनच वहीला हात न लावता चिठ्ठी बदलता येते. हॉट रीलोडचे सारे मर्म एवढ्यात आले. त्याच्या सगळ्या अडचणीही येथूनच सुरू होतात.

चालत्या यंत्रातील चिठ्ठी बदलायची कशी, याचे उदाहरण म्हणून गूगलचे फ्लटर हे साधन घेऊ. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली, आणि त्यातील आज्ञा डार्ट नावाच्या भाषेत लिहितात. माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्रभाषेत भाषांतर दोन प्रकारे करता येते. एक, सगळ्याचे भाषांतर आधीच करून ठेवणे, म्हणजे छापून तयार असलेल्या पुस्तकासारखे. दुसरा प्रकार दुभाष्याचा: जो भाग लागेल त्याचे भाषांतर त्या वेळी करावयाचे. अ‍ॅप तयार होत असताना फ्लटर हा दुसरा प्रकार वापरते. फोनवर अ‍ॅपबरोबर एक दुभाष्या बसलेला असतो. त्याला डार्टचे आभासी यंत्र म्हणतात. तुम्ही कळ दाबली की तुमच्या टेबलावरचा संगणक कोणत्या फाइली बदलल्या ते पाहतो, तेवढ्यांचे आणि त्यांच्याशी निगडित फाइलींचे एका मधल्या भाषेत रूपांतर करतो आणि ते फोनकडे पाठवतो. दुभाष्या जुन्या चिठ्ठ्यांच्या जागी नव्या ठेवतो. एखादे काम जुन्या चिठ्ठीप्रमाणे अर्धे झाले असेल तर ते तसेच पुरे होते. पुढच्या वेळी त्या कामाची हाक आली की नवी चिठ्ठी वाचली जाते. शेवटी फ्लटर पडद्यावरचे सगळे घटक नव्याने मांडते, आणि तुम्हाला बदललेला पडदा दिसतो. वहीचे पान मात्र तेच राहते.

फेसबुकच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या साधनात २०१६ मध्ये अशी सोय आली आणि २०१९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती फास्ट रिफ्रेश या नावाने आली. तेथील यंत्रणा निराळी आहे, तत्त्व हेच.

आता आपला सुरुवातीचा प्रश्न घेऊ. पहिला सेकंद संपला आहे, वहीत उंची १५ आणि वेग १० आहे. येथे चिठ्ठी बदला. चंद्रावर गुरुत्वत्वरण सुमारे १.६ असते, म्हणून नव्या चिठ्ठीवर ५ च्या ठिकाणी ०.८ आणि १० च्या ठिकाणी १.६ लिहा. वही पुढे चालवा. उंची अशी येत जाईल: २४.२, ३१.८, ३७.८, ४२.२, ४५, ४६.२, आणि मग ती कमी होऊ लागेल. सूत्राने नेमकी महत्तम उंची काढली तर ती ४६.२५ मीटर येते.

या आकड्याकडे जरा थांबून पाहा. २० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकलेला चेंडू पृथ्वीवर २० मीटर उंच जातो. चंद्रावर तो १२५ मीटर जाईल. ४६.२५ हे उत्तर यांपैकी कोणत्याच जगातले नाही! गणित मात्र कोठेही चुकलेले नाही. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. अर्धा इतिहास एका नियमाचा आणि अर्धा दुसऱ्या नियमाचा, अशी ही संकरित अवस्था आहे. हॉट रीलोडनंतर पडद्यावर जे दिसते ते अनेकदा असे असते. अ‍ॅप लिहिणाऱ्याला वाटते, नवी आज्ञा चालली. पण ती जुन्या आज्ञेने भरून ठेवलेल्या वहीवर चाललेली असते. ज्या ग्राहकाच्या फोनवर ते अ‍ॅप कोऱ्या वहीने सुरू होईल, त्याला निराळेच काही दिसण्याची शक्यता असते.

याच्या उलट फसगतही होते, आणि नवशिके तीत हमखास सापडतात. समजा तुम्ही सुरुवातीचा वेग २० ऐवजी ३० केला आणि कळ दाबली. पडद्यावर काहीच फरक नाही! पुन्हा दाबली, तरी नाही. कारण साधे आहे. सुरुवातीचा वेग वहीत एकदाच, खेळ मांडताना लिहिला जातो. ती वेळ केव्हाच गेली. चेंडू हवेत आहे. फ्लटरमध्ये अ‍ॅपचा आरंभ करणारी मुख्य आज्ञा, आणि पडद्यावरच्या घटकाची सुरुवातीची मांडणी करणारी आज्ञा, हॉट रीलोडच्या वेळी पुन्हा चालवल्या जात नाहीत. सगळ्या अ‍ॅपसाठी समाईक असलेल्या बदलत्या संख्याही अवस्थेचाच भाग मानल्या जातात, म्हणून त्यांच्या आरंभीच्या किमती बदलून उपयोग होत नाही. कायमच्या स्थिर म्हणून जाहीर केलेल्या संख्यांचे तसे नाही. त्यांची नवी किंमत लगेच लागू होते, कारण त्या चिठ्ठीवर असतात, वहीत नसतात. अशा वेळी हॉट रीस्टार्ट ही दुसरी कळ दाबावी लागते. तिने वही कोरी होते आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो. तुमच्या वहीत वेग १० लिहिला आहे, मीटर प्रति सेकंदात. कोणी नवी चिठ्ठी लिहिताना वेग किलोमीटर प्रति तासात धरला, तर ती चिठ्ठी वहीतल्या १० ला किलोमीटर प्रति तास समजून पुढे जाईल. यंत्र तक्रार करणार नाही, कारण वहीत नुसता आकडा आहे, एकक नाही. भौतिकीचे शिक्षक प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहा म्हणून का ओरडत असतात, ते यावरून ध्यानात यावे! आणि नव्या चिठ्ठीला वहीत नसलेला रकानाच हवा असेल, उदाहरणार्थ हवेचा विरोध मोजण्यासाठी चेंडूचे वस्तुमान, तर? तो रकाना कोणी भरावयाचा? काही बदल असे असतात की ते पाहून हॉट रीलोड सरळ नकार देते आणि पुन्हा सुरुवात करावयास सांगते. मला विचाराल तर असा स्पष्ट नकार पुष्कळ बरा. एककाच्या घोटाळ्यासारखी मुकी चूक वाईट.

मोबाइलवरचा चेंडू चुकला तर फारसे बिघडत नाही. पण ज्या ठिकाणी यंत्र थांबवणेच शक्य नाही तेथे काय करावे, हा प्रश्न मोबाइल अ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून होता. टेलिफोन एक्स्चेंज घ्या. त्याच्या आज्ञावलीत सुधारणा करायची म्हणून शहरातले सगळे फोन अर्धा तास बंद ठेवले, तर त्या अर्ध्या तासात कोणाला तरी रुग्णवाहिका बोलवायची असते. स्वीडनमधील एरिक्सन या टेलिफोन कंपनीच्या संगणक प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ पासून अर्लांग ही भाषा घडवली ती अशाच कामासाठी. टेलिफोनवरील संभाषणांच्या गर्दीचे गणित मांडणारे डॅनिश गणिती अर्लांग यांचे नाव तिला मिळाले आहे.

अर्लांगची युक्ती पाहण्यासारखी आहे. तेथे एका कामाच्या दोन चिठ्ठ्या एकाच वेळी शेजारी शेजारी राहू शकतात, एक जुनी आणि एक चालू. जे काम जुन्या चिठ्ठीवर सुरू झाले ते तिच्यावर चालू राहते आणि ठरावीक प्रकारची हाक देण्याच्या टप्प्यावर आले की नव्या चिठ्ठीवर जाते. नवी कामे थेट नवी चिठ्ठी घेतात. तिसरी चिठ्ठी आली तर मात्र सर्वांत जुनी फाडली जाते, आणि तोपर्यंत तिच्यावर रेंगाळलेले काम बंद पाडले जाते. वहीचे काय? तेथे यंत्राच्या अंदाजावर काहीच सोडलेले नाही. रकाने बदलणार असतील तर जुन्या वहीतील नोंदी नव्या वहीत कशा उतरवायच्या, याची वेगळी चिठ्ठी आज्ञावली लिहिणाऱ्यालाच लिहावी लागते. त्यात मीटर प्रति सेकंदाचे किलोमीटर प्रति तास करणे आले, नव्या रकान्यात काय भरावे तेही आले. व्हॉट्सअ‍ॅपची सर्व्हरवरील यंत्रणा याच अर्लांग भाषेत उभारलेली आहे.

मग आपल्या फोनवरील अ‍ॅपही असेच चालता चालता का बदलत नाही? फ्लटरचे अ‍ॅप लोकांना देण्यासाठी तयार करताना दुभाष्याला रजा देतात आणि सगळ्या आज्ञांचे यंत्रभाषेत भाषांतर आधीच करून टाकतात. त्यामुळे अ‍ॅप लवकर उघडते आणि सफाईने चालते. परंतु चिठ्ठी बदलण्याची सोय त्यात उरत नाही. म्हणूनच घडणीच्या काळात थोडे अडखळत चालणारे अ‍ॅप पाहून घाबरण्याचे कारण नाही, आणि त्यावरून वेगाचा अंदाजही बांधू नये. आयफोनवर तर सामान्य अ‍ॅपला चालू असताना नवे यंत्रभाषेतील आदेश तयार करून ते चालवण्याची परवानगीच नसते.

चिठ्ठी आणि वही अजून तुमच्यापुढे असतील तर आणखी दोन प्रयोग करा. पृथ्वीची चिठ्ठी दुसरा सेकंद संपताच बदला. वेग शून्य असल्यामुळे चेंडू २० मीटरच्या वर जाणार नाही. चंद्राच्या नियमाने तो जमिनीवर यायला ५ सेकंद घेईल. मग हाच बदल तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी करा. वहीत उंची १५ मीटर असेल, पहिल्या सेकंदानंतर होती तेवढीच. पण पहिल्या वेळी चिठ्ठी बदलल्यावर चेंडू जमिनीवर यायला सुमारे १३.९ सेकंद लागतात, आणि या वेळी अवघे १.४. उंची तीच, चिठ्ठीही तीच. दुसऱ्या रकान्यातले चिन्ह तेवढे पाहा.