फ्रेंच शिकताना (लेखांक ७) : नाकातले स्वर आणि मालवणी जीभ

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात पर्यटनाचं काम करणारी बरीच मुलं-मुली आता फ्रेंचकडे वळत आहेत. त्यांचा पहिला अडसर ठरलेला असतो. स्नान, बाकडं आणि चांगला, हे तीन फ्रेंच शब्द अनुक्रमे 'बॅं', 'बां' आणि 'बॉं'. तिन्हींच्या शेवटी अनुस्वार दिसतो, म्हणून आपण 'बॅन', 'बान', 'बॉन' म्हणून मोकळे होतो. त्यातला 'बॉन' तर फ्रेंचमध्ये खरोखरच आहे, पण तो 'चांगला' नव्हे, 'चांगली'. एका न्‌ने लिंग बदललं.

इथे न् नाहीच, म् पण नाही. स्वरच तोंडातून आणि नाकातून एकदम निघतो. पारख सोपी आहे : 'बॉं' संपताना जिभेचं टोक दातांना किंवा टाळूला लागलं, अथवा ओठ मिटले, तर उच्चार चुकला.

मालवणी माणसाला हे नव्याने शिकावं लागत नाही. 'खंय चललंस?' हे सावकाश म्हणून बघा. 'खंय'मधला अ नाकातून येतो आणि जीभ कुठेही टेकत नाही. 'हंय', 'थंय' यांतही तेच. प्रमाण मराठीच्या उच्चारातून असे स्वर बहुतेक गेले. १९६२च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लिहिणंही थांबवलं. कोकणच्या बोलींनी मात्र हे स्वर सांभाळले. वर्गात 'शुद्ध बोल' म्हणून मुलांचा 'खंय' पुसला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फ्रेंचच्या तासाला तोच उपयोगी पडतो. आधी 'खंय' म्हणा, मग नाकातला तो वारा तसाच ठेवून 'ऑ' म्हणा. 'बॉं' जमलाच.

एक अपवाद लक्षात ठेवा. 'बॉं'पुढे स्वराने सुरू होणारा शब्द आला की न् जागा होतो : 'चांगला मित्र' म्हणजे 'बॉनामी'.

दुसरा प्रश्न व्याकरणाचा : भूतकाळी रूप कर्माप्रमाणे का बदलतं? इंग्रजीतून फ्रेंचकडे जाणारे इथे अडखळतात. आपण तर 'मी पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली' असंच बोलतो. फ्रेंचमध्ये 'लिहिलं' म्हणजे 'एक्री', पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना ते 'एक्रीत' होतं, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी. फरक एवढाच की 'अव्वार' हे सहायक क्रियापद असताना फ्रेंच हे तेव्हाच करतं, जेव्हा कर्म क्रियापदाच्या आधी येतं. 'मी चिठ्ठी लिहिली' या साध्या वाक्यात फ्रेंच कर्म क्रियापदानंतर येतं, म्हणून तिथे नुसतं 'एक्री'. मराठीच्या सवयीने तिथेही त् लावण्याचा मोह होतो. तेवढा आवरावा.