सैल अंगाचे सामर्थ्य

चीनमधील शहरांच्या बागांत पहाटे एक दृश्य हमखास दिसते. साठी-सत्तरी उलटलेली मंडळी झाडांखाली उभी राहून अत्यंत संथपणे हातपाय हलवीत असतात. पाहणाऱ्यास वाटावे, हा दुखण्यातून उठलेल्या माणसांचा हलका व्यायाम असावा. वास्तविक ती एक युद्धकला आहे. तिचे नाव ताइजीच्वान. आपल्याकडे तिला ‘ताई ची’ म्हणतात.

ताइजी, शिंगयी आणि बाग्वा ह्या तीन कलांना चिनी लोक ‘अंतर्गत’ कला म्हणतात. हा शब्द ऐकताच पुष्कळांस गूढ शक्तीचा भास होतो. परंतु ह्या कलांचे मर्म गूढ नाही. ते देहाच्या रचनेत आहे.

नवखा गडी कुदळ मारतो तेव्हा खांदे आवळून केवळ दंडाच्या जोरावर मारतो आणि घटकाभरात थकतो. मुरलेला शेतकरी पाय रोवतो, कमरेतून वळतो आणि हात सैल सोडतो. घाव मात्र खोल बसतो. अंतर्गत कलांचे सारे शिक्षण हेच आहे. जोर पायाखालच्या जमिनीतून निघावा, मांड्यांतून चढावा, कमरेने त्यास दिशा द्यावी आणि हाताने तो केवळ पोहोचवावा. वाटेत खांदा किंवा कोपर ताठ झाले की जोर तेथेच अडतो. म्हणून शिक्षक पदोपदी सांगतो, सैल सोडा! सैल म्हणजे ढिले नव्हे. सांध्यांनी उभे राहण्यापुरता भार उचलावा, अधिक नको, एवढाच त्याचा अर्थ.

ताइजीचा ज्ञात इतिहास होनान प्रांतातील चेनजियागौ ह्या खेड्यातील चेन घराण्यापाशी पोहोचतो. तेथे शिकलेले यांग लुचान (1799–1872) ह्यांनी ही कला बीजिंगला नेली. त्यांचे नातू यांग चंगफू (1883–1936) ह्यांनी आज सर्वत्र दिसणारी संथ, एकसारख्या गतीची पद्धत रूढ केली.

शिक्षणाचे मुख्य प्रकार तीन. पहिला, खांबासारखे निश्चल उभे राहणे. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, खांदे खाली सोडलेले, आणि हात जणू मोठा घडा कवटाळल्यासारखे. वांग श्यांगजाय (1885–1963) ह्या गुरूंनी तर ह्या उभे राहण्यालाच आपल्या पद्धतीचा पाया केले. वाचकहो, आम्ही स्वतः हे करून पाहिले. तिसऱ्या मिनिटासच मांड्या थरथरू लागल्या आणि आपण खांदे किती विनाकारण आवळून धरतो, हे आम्हांस प्रथमच कळले.

दुसरा प्रकार संथ हालचालींचा. वेगात चूक झाकली जाते, संथ गतीत ती उघडी पडते. सारा भार आधी एका पायावर घ्यावयाचा, मग मोकळा झालेला पाय मांजरासारखा अलगद टेकावयाचा. हात स्वतंत्रपणे हलवावयाचा नाही. धड वळले की तो आपोआप वळतो.

तिसरा प्रकार जोडीने करावयाचा. दोघे समोरासमोर मनगटाला मनगट लावून उभे राहतात. एकाने ढकलले की दुसरा अडवीत नाही. कमर वळवून तो जोर बाजूने जाऊ देतो. ढकलणाऱ्याचाच तोल जातो. जोर कोठून येतो हे स्पर्शाने ओळखणे, हा येथील धडा.

मात्र ह्या कलेचे वाजवीपेक्षा अधिक गुणगान करणेही बरे नव्हे. 1954 साली, त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या मकावमध्ये, ताइजीचे गुरू वू गुंगयी आणि त्यांच्याहून तरुण असलेले चेन कफू ह्यांची धर्मादाय निधीसाठी झुंज झाली. ती मध्येच थांबविण्यात आली. कोणालाच विजयी ठरविले गेले नाही. 2017 साली छंगडू शहरात एका ताइजी शिक्षकास आधुनिक मिश्र युद्धकलेतील योद्ध्याने काही क्षणांतच लोळविले. केवळ संथ हालचाली करून कोणी लढवय्या होत नाही. प्रतिकार करणाऱ्या माणसाशी झुंजण्याचा सराव लागतोच.

मग ह्या कलेचा सामान्य माणसास उपयोग काय? त्याचे उत्तर 2012 साली अमेरिकेतील ओरेगन राज्यातून आले. कंपवाताच्या 195 रुग्णांवर तेथे प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे ताइजी करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे पडणेही कमी झाले. एका पायावर सावकाश भार तोलण्याचा सराव येथे कामी आला. 2020 साली युनेस्कोनेही ताइजीस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

म्हातारपणी एकदा घसरून खुब्याचे हाड मोडले की मनुष्य अंथरूण धरतो, हे घरोघरी ठाऊक आहे. त्या माणसास शत्रूला लोळविण्याची विद्या नको असते. ओल्या पायरीवर पाऊल स्थिर पडावे, एवढेच हवे असते. बागेतली ती म्हातारी मंडळी रोज पहाटे, सावकाश, तेवढेच कमावीत असतात.