व्यावसायिक फुटबॉलचा पहिला साखळी हंगाम (१८८८-८९) : एक सामाजिक-आर्थिक विवेचन

प्रस्तावना

खेळाचा इतिहास हा बहुधा विजेत्यांची नामावली म्हणून लिहिला जातो. परंतु खेळ ज्या समाजात रुजतो त्या समाजाचे श्रम, वेतन, सुटी आणि दळणवळण यांचा विचार केल्याशिवाय त्या नामावलीचा अर्थ उलगडत नाही. इंग्लंडमध्ये १८८८-८९ साली झालेला फुटबॉल लीगचा पहिला हंगाम हे याचे उत्तम उदाहरण होय. आज जगभर रूढ असलेली गुणतक्ता, यजमान व पाहुण्या मैदानावरील दुहेरी लढती आणि निश्चित वेळापत्रक ही व्यवस्था या हंगामात आकारास आली. ही लीग नावाने देशव्यापी वाटत असली तरी प्रत्यक्षात ती प्रादेशिक होती. ती तशी का होती, आणि खेळाडूंच्या वेतनाच्या प्रश्नाशी तिचा काय संबंध होता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पार्श्वभूमी : हौशी की व्यावसायिक?

फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ मध्ये लंडन येथे झाली. तिची सूत्रे उच्चभ्रू शिक्षणसंस्थांतून बाहेर पडलेल्या मंडळींच्या हाती होती. खेळ हा खेळासाठी खेळावा, त्यासाठी मोबदला घेणे अशोभनीय आहे, अशी त्यांची धारणा होती. ज्याचा चरितार्थ खेळावर अवलंबून नाही त्याला ही धारणा परवडणारी होती.

उत्तरेकडील लँकशायर परगण्यात परिस्थिती वेगळी होती. स्वदेशी चळवळीच्या संदर्भात मराठी वाचकास परिचित असलेले मँचेस्टरचे कापड याच परगण्यातील. १८५० च्या कारखाना कायद्यान्वये कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविणे बंधनकारक झाले आणि परिणामी गिरण्याच त्या वेळी थांबू लागल्या. शनिवारच्या या मोकळ्या दुपारीने कामगारवर्गाला खेळाडूही दिले आणि प्रेक्षकही. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने ओल्ड इटोनियन्सचा पराभव करून एफ.ए. चषक उत्तरेकडे नेला, ही या बदलाची ठळक खूण होय.

गिरणी कामगाराने सामन्यासाठी काम सोडले तर त्याची मजुरी बुडे. ती भरून देणे म्हणजे व्यावसायिकता, आणि व्यावसायिकता तर निषिद्ध. त्यामुळे छुपे मोबदले सुरू झाले. स्कॉटलंडमधून कुशल खेळाडू आणून त्यांना नावापुरती नोकरी देण्याची प्रथा पडली. १८८४ मध्ये अप्टन पार्क या लंडनच्या संघाने प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार केली, तेव्हा प्रेस्टनचे सूत्रधार विल्यम सडेल यांनी मोबदला दिल्याचे उघडपणे मान्य केले. संघ स्पर्धेतून बाद झाला. परंतु उत्तरेकडील क्लबांनी स्वतंत्र संघटना स्थापण्याची तयारी दाखविताच असोसिएशनला नमते घ्यावे लागले आणि २० जुलै १८८५ रोजी काही निर्बंधांसह व्यावसायिकतेस मान्यता मिळाली.

लीगची स्थापना : अनिश्चिततेवरील उपाय

मान्यतेमुळे नवा प्रश्न उभा राहिला. वेतन दर आठवड्याला द्यावे लागे. उत्पन्न मात्र तसे येत नसे. चषक स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने एका पराभवानिशी उत्पन्नाचा तो मार्ग बंद होई. मैत्रीपूर्ण सामने ऐनवेळी रद्द होत. बर्मिंगहॅममधील कापड-दुकानदार व अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे पदाधिकारी विल्यम मॅकग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी काही प्रमुख क्लबांना पत्र लिहून, दहा-बारा क्लबांनी एकमेकांशी दोन्ही मैदानांवर ठरलेल्या तारखांना सामने खेळावेत, असे सुचविले. २३ मार्चला लंडन येथे व १७ एप्रिलला मँचेस्टर येथे बैठका होऊन लीग अस्तित्वात आली. थोडक्यात, ठराविक वेतनासाठी ठराविक उत्पन्न आणि त्यासाठी ठराविक वेळापत्रक, अशी ही कार्यकारणसाखळी होती.

प्रादेशिक स्वरूप

बारा संस्थापक क्लबांपैकी अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन व प्रेस्टन हे सहा लँकशायरमधील होते. तर अ‍ॅस्टन व्हिला, डर्बी काउंटी, नॉट्स काउंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन व वुल्वरहॅम्प्टन वाँडरर्स हे सहा मध्य इंग्लंडमधील. लंडन व दक्षिण भागातील एकही क्लब नव्हता. याची दोन कारणे संभवतात. पहिले, दक्षिणेत हौशी परंपरेचा पगडा कायम होता. दुसरे, शनिवारी रेल्वेने जाऊन सामना खेळून परतणे शक्य व्हावे इतके अंतर आवश्यक होते. दाट रेल्वेजाळे असलेल्या औद्योगिक पट्ट्यात ते शक्य होते. लीगचा नकाशा हा एका अर्थी इंग्लंडमधील कारखानदारीचाच नकाशा होता. पुढे १८९३ मध्ये वुलविच आर्सेनलच्या रूपाने दक्षिणेतील पहिला क्लब लीगमध्ये दाखल झाला.

हंगाम व गुणपद्धती

८ सप्टेंबर १८८८ रोजी पाच सामन्यांनी हंगामास प्रारंभ झाला. प्रत्येक क्लबला २२, याप्रमाणे एकूण १३२ सामने व्हावयाचे होते. विशेष म्हणजे सामने सुरू झाले तेव्हा क्रमवारी कशी लावावी हे पुरते ठरलेले नव्हते. केवळ विजय मोजावेत, असाही एक पक्ष होता. नोव्हेंबरमध्ये विजयास दोन व बरोबरीस एक गुण ही पद्धत स्वीकारण्यात आली. इंग्लंडमध्ये ती १९८१ पर्यंत टिकली.

समान गुण झाल्यास केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून येणारी सरासरी विचारात घेतली जाई. नॉट्स काउंटी व स्टोक यांचे प्रत्येकी १२ गुण झाले. नॉट्सने ४० गोल करून ७३ स्वीकारले (सरासरी ०.५५), तर स्टोकने २६ करून ५१ स्वीकारले (सरासरी ०.५१). त्यामुळे स्टोक शेवटच्या स्थानी गेले. आजच्याप्रमाणे वजाबाकी केली असती, तर नॉट्सची तूट ३३ व स्टोकची २५ भरून नॉट्स तळाशी गेले असते. क्रमवारी ही मैदानावरील कामगिरीइतकीच मोजणीच्या नियमावरही अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

प्रेस्टनने १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडविले व एकही गमावला नाही. ७४ गोल करून १५ स्वीकारले. ४० गुणांसह ते विजेते ठरले. दुसऱ्या क्रमांकावरील अ‍ॅस्टन व्हिलाचे २९ गुण होते. याच हंगामात एकही गोल न स्वीकारता त्यांनी एफ.ए. चषकही जिंकला. अंतिम सामन्यात वुल्वरहॅम्प्टनचा ३-० असा पराभव झाला. तळाच्या स्टोक, नॉट्स, डर्बी व बर्नली या चार क्लबांना फेरनिवडीसाठी मतदानास सामोरे जावे लागले. चौघांचीही फेरनिवड झाली.

यशाची किंमत

या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. प्रेस्टनचा संघ मुख्यतः स्कॉटिश खेळाडूंच्या बळावर उभा होता. त्यांच्या वेतनाचा भार क्लबच्या उत्पन्नास पेलणारा नव्हता. सडेल हे एका कापडगिरणीचे व्यवस्थापक होते. गिरणीच्या पैशांचा अपहार केल्याबद्दल १८९५ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या पैशांचा काही भाग क्लबवर खर्च झाला होता. १८८९-९० नंतर प्रेस्टनला पहिल्या श्रेणीचे विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. लहान गावांनाही ही स्पर्धा झेपली नाही. संस्थापकांपैकी अ‍ॅक्रिंग्टन १८९३ मध्ये लीगमधून बाहेर पडला व लवकरच विसर्जित झाला.

खेळाडूच्या दृष्टीने पाहता, मोबदल्याचा हक्क मिळाला तरी स्वातंत्र्य मिळाले असे नाही. क्लबच्या संमतीविना दुसरीकडे जाण्यास मज्जाव झाला आणि १९०१ मध्ये आठवड्याला कमाल चार पौंड अशी वेतनमर्यादा आली. ती १९६१ पर्यंत उठली नाही.

समारोप

योगायोगाने १८८८ मध्येच सिमला येथे ड्युरँड चषक आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. या दोन्ही बाद पद्धतीच्या स्पर्धा होत्या. भारतात अखिल भारतीय साखळी स्पर्धा मात्र १९९६ मध्ये अवतरली. १८८८-८९ च्या हंगामावरून असे दिसते की, साखळी स्पर्धा टिकण्यास चांगले खेळाडू पुरेसे नसतात. नियमित सुटी असलेला प्रेक्षक, परवडणारे अंतर आणि उत्पन्नाशी मेळ राखणारे वेतन यांची जोड लागते. यांपैकी शेवटच्या अटीकडे प्रेस्टनच्या अपराजित संघाने दुर्लक्ष केले आणि त्याचे परिणाम त्याला भोगावे लागले. क्रीडासंस्थांच्या अभ्यासकाने गुणतक्त्याबरोबर जमाखर्चाची वहीही वाचली पाहिजे, ती याचसाठी.