सह्याद्रीचा दगड मुक्कामाला नाही

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नीट निरखून पाहा. थरावर थर चढलेले दिसतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा लोंढा आला. हे इतक्यांदा घडलं की सह्याद्रीत काळ्या पाषाणाची ही रास काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या आसपास जाड झाली! थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. त्या पोकळ्यांत पुढे खनिजांचं पाणी झिरपलं. म्हणून पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत काळाकभिन्न दगड फुटतो आणि आत गुलाबी स्टिलबाइट, हिरवट अपोफिलाइट लखलखतो.

असा दगड कायमचा, असं आपण धरून चालतो. पण पाऊस त्याला सोडत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडणारं पाणी किंचित आम्ल असतं, आणि ते दगडातली खनिजं कणाकणाने फोडतं. मला सगळ्यात नवल वाटतं ते इथे: दगड एकच, पण पावसाने त्याची दोन रूपं केली. कोकणात धो धो पावसाने कॅल्शियम, सोडियम, बरीचशी सिलिकाही धुऊन नेली. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, तो तांबडा जांभा. खाणीत तो सहज कापला जातो आणि उघड्यावर ठेवला की कडक होतो. देशावर आणि विदर्भात पाऊस कमी, म्हणून तिथे कॅल्शियम टिकलं आणि पाषाणाची काळी माती झाली. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती कपाशी पोसते.

त्यातली कितीतरी माती गोदावरी बंगालच्या उपसागरात नेते. तिथे गाळावर गाळ साचतो, दबतो, त्याचा पुन्हा खडक होतो. आणखी खोल, उष्णतेत गेला तर त्याचं रूपच पालटतं. शिवाय समुद्राचा तळही सरकतो आहे. अंदमानजवळ तो दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो. शिरताना वरचा काही गाळ खरवडला जातो. अंदमानच्या डोंगरांत असे वर आलेले गाळाचे खडक आहेत. उरलेला तळ खोल गेला की त्यातलं पाणी सुटतं, त्या पाण्याने वरचा तप्त खडक वितळू लागतो आणि शिलारस वर येतो. बॅरन बेट त्यातूनच उभं राहिलं. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर 1991 साली पेटला, आणि तेव्हापासून अधूनमधून नवा खडक घडवतो आहे.