पाठीवरचे बिऱ्हाड

ओझी ओढण्याची विद्या ज्याला प्रत्यक्ष पाहावयाची असेल, त्याने सुरतेच्या पूर्वेस पलसाणा तालुक्यात असलेल्या चलथाण या गावी ऊसगाळपाच्या हंगामात जावे आणि रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहावे. कारण सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरमागे डुलत चाललेल्या ट्रॉल्या आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कंटेनर किंवा पोलादाची भेंडोळी घेऊन धावणारे अजस्र ट्रेलर ही तिन्ही वाहने तेथे एकाच मुलखात नजरेस पडतात. शेजारच्या कडोदरा चौकातून फुटणारा रस्ता बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्यास जातो, आणि त्याच बाजूने खानदेशातील तोडकरी कुटुंबे हंगामापुरते आपले बिऱ्हाड घेऊन इकडे उतरत आली आहेत. त्यांचे हे फिरणे पोटासाठी आहे. पण केवळ हौसेखातर घर सोबत घेऊन हिंडणारेही जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वाहनाचे मर्म ध्यानी येण्यास चलथाणचा हा रस्ता फार उपयोगी पडतो.

अमेरिकेत सेवानिवृत्त दांपत्ये ज्याला ‘फिफ्थ व्हील कॅम्पर’ म्हणतात ते फिरते घर पिकअपला जोडून महिनोन्‌महिने प्रवास करतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि निजावयाची खोली अशी सर्व सोय असलेल्या या घराचा पुढला भाग उंच उचललेला असून तो पिकअपच्या हौद्यावर येतो, आणि तेथे बसविलेल्या पोलादी बैठकीत घराखालचा जाड खिळा अडकतो. महामार्गावरील ट्रेलरची जोडणी तत्त्वतः हीच. चालक ज्याला ‘घोडा’ म्हणतात ते इंजिनाचे पुढले वाहन मागे मागे रेटत ट्रेलरखाली आणले जाते. ग्रीसने माखलेल्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तबकडीवर ट्रेलरचे तोंड चढते. सुमारे ५१ मिलिमीटर व्यासाचा तो खिळा, म्हणजे किंगपिन, तिच्या खाचेत शिरतो आणि जबडा खटकन मिटतो. मग क्लिनर वाकून जबडा पुरता मिटला की नाही हे पाहतो, हवेच्या नळ्या व विजेची तार जोडतो, ट्रेलरचे टेकू वर घेतो; आणि चालक ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून घोड्याला पुढे किंचित हिसका देतो. जोडणी सुटली नाही, तरच गाडी रस्त्याला लागते.

या रचनेचे रहस्य उसाच्या दुचाकी बैलगाडीतच सापडते. चारचाकी ट्रॉलीचा सगळा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो आणि ट्रॅक्टर तिला केवळ ओढतो. दुचाकी गाडीचा काही भार मात्र जुवावाटे बैलांच्या मानेवर येतो. मागे ऊस जास्त भरला तर गाडी उलाळ होऊन धुरा वर उचलली जाते, पुढे जास्त भरला तर बैलांची मान दबते. सबब जाणता गाडीवान मोळ्या रचतानाच जू किंचित जड राहील असा तोल साधतो. फिफ्थ व्हील कॅम्परमध्ये मानेची जागा पिकअपच्या मागल्या आसाने घेतलेली आहे, एवढाच काय तो फरक.

या जोडणीचा इतिहास शंभराहून थोड्या अधिक वर्षांचा आहे. १९१४ साली डेट्रॉइट येथे ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराकडे एक लाकूडव्यापारी आपली नाव सरोवरावर नेण्याची तजवीज करावी म्हणून आला, तेव्हा फ्रूहॉफने त्याच्या फोर्ड मोटारीत फेरफार करून तिला मागे दोन चाकांचा गाडा जोडून दिला. नाव पोचली, आणि व्यापाऱ्याने तसाच गाडा लाकडे वाहण्यासाठीही करून मागितला. विमानविद्येतील प्रसिद्ध अग्रणी ग्लेन कर्टिस याने पुढे हीच कल्पना प्रवासी घराला लावली, आणि फ्लॉरिडात तयार झालेल्या त्याच्या ‘एरोकार’च्या जोडणीत धक्के शोषून घेण्यासाठी विमानाचे टायर आडवे बसविलेले असे. आजच्या मालवाहतुकीतील कंटेनर-ट्रेलर आणि हौसेचा कॅम्पर ही अशी एकाच कुळातील भावंडे आहेत.

मागल्या बंपरला गोळा लावून गाडा ओढण्यापेक्षा ही पद्धत स्थिर ठरते, याचे कारण जोडणीच्या जागेत आहे. बंपर मागल्या आसाच्या बराच मागे असतो. त्यामुळे आडव्या वाऱ्याने किंवा शेजारून वेगाने गेलेल्या ट्रकच्या झोताने गाडा हेलकावला, की तेवढ्या लांबीच्या तरफेने तो ओढणाऱ्या वाहनाची शेपटी हलवितो आणि तिच्या हलण्याने पुनः स्वतः अधिक झोकांडतो. किंगपिन आसाच्या वर किंवा किंचित पुढे असल्यास ही तरफच नाहीशी होते. तथापि या स्थैर्याचे मोल मोजावे लागते: बंपरच्या जोडणीवर गाड्याच्या वजनाचा साधारणतः दहा ते पंधरा टक्के भार पडतो, तर येथे तो पंधरा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. भरलेल्या कॅम्परचे वजन ५,००० किलो आणि किंगपिनवरील भार वीस टक्के धरला, तर १,००० किलो पिकअपच्या हौद्यातच येऊन बसतात. त्यात जोडणीची लोखंडी बैठक, चार माणसे आणि सामान मिळविले, की सव्वा ते दीड टनांचा हिशेब सहज होतो. आपल्याकडची मालवाहू पिकअप साधारण तेवढाच भार वाहते. तिचे इंजिन त्यापुढे तो पाच टनांचा गाडा ओढून चढ चढेल काय, आणि तिचे ब्रेक त्याला उतारावर आवरतील काय, हे प्रश्न शिल्लक उरतातच.

येथेच फेरफाराचा मोह उत्पन्न होतो. मागल्या पाट्यांना आणखी पाटे जोडावेत, हवेच्या पिशव्या बसवाव्यात, हौदा कापून सपाट पाटा करावा, इंजिनाची ताकद वाढवावी, असे नाना उपाय सुचविले जातात. परंतु जाड पाट्यांनी गाडीचे बूड वर राहते, तिच्या आसाची, टायरांची आणि चौकटीची मर्यादा मात्र होती तेथेच राहते. शिवाय ताशी ४० किलोमीटरचा वेग ८० झाला, की थांबविताना शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून कॅम्परला स्वतःचे ब्रेक असणे, ते पिकअपच्या ब्रेकाबरोबर लागणे, आणि जोडणी तुटल्यास ते आपोआप आवळले जाणे या तीन गोष्टी इंजिनाच्या ताकदीहून अधिक महत्त्वाच्या मानल्या पाहिजेत. हिंदुस्थानात तर या मोहाला कायद्याचाही प्रतिबंध आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरफार करण्याची मुभा देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हीच भूमिका उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. ज्याचा काही भार ओढणाऱ्या वाहनावर येतो अशा गाड्याला याच कायद्यात ‘सेमी-ट्रेलर’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. तेव्हा गॅरेजात वेल्डिंगने काम भागवून परस्पर रस्त्यावर येण्याजोगा हा मामला नव्हे.

मग हौशी माणसाने आपल्या वाहनाची पात्रता ओळखावी कशी? साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी काट्यावर घेतात व वजाबाकीने उसाचे वजन काढतात. कॅम्परवाल्याने तीच रीत तीन वजनांत चालवावी. प्रथम माणसे, इंधन व सामान यांसह एकटी पिकअप तोलावी. नंतर कॅम्पर जोडून केवळ पिकअपची चाके काट्यावर ठेवावीत. आणि शेवटी केवळ कॅम्परची चाके. दुसऱ्या वजनातून पहिले वजा करता किंगपिनवरील भार मिळतो, आणि तो तिसऱ्यात मिळविला की कॅम्परचे समग्र वजन हाती येते. विक्रेत्याच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलेला आकडा बहुधा गाडी किती ओढते याचा असतो. परंतु स्वतःच्या वजनासह ती एकूण किती पेलते हे निर्मात्याने दरवाजाच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लहान अक्षरांत दिलेले असते, आणि खरेदीचा निर्णय काट्याच्या पावतीशेजारी तो लहान आकडा मांडूनच करावा. दुसऱ्या वजनाने ती मर्यादा ओलांडली असेल, तर पाटे वाढविण्याऐवजी कॅम्पर लहान घ्यावा.