आधी मोजा, मग पंप बदला

यवतमाळ-वर्धा रस्त्यावरच्या कळंबला फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून रेल्वे आली, तरी शेतावर जायला, बाजाराला किंवा चिंतामणीच्या दर्शनाला माणूस निघतो तो बहुधा दुचाकीवरच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक दुचाक्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्यूल इंजेक्शन आलं. त्यासोबत टाकीत विजेवर चालणारा पंप आला. पूर्वी पेट्रोल टाकीतून आपसूक खाली उतरायचं. कार्बोरेटर खोलून जेट साफ केलं की बहुतेक वेळा काम भागायचं. आता गाडी झटके खाऊन बंद पडली की पुष्कळदा एकच निदान ऐकू येतं : पंप गेला, अख्खा सेट टाका. या सेटला काही हजार रुपये पडतात. म्हणून पंप खराब असल्याचं मोजून सिद्ध झाल्याशिवाय तो बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. पंप जाताना जी लक्षणं दिसतात, तीच गंजलेल्या पिनमुळे, सैल अर्थिंगमुळे किंवा तुंबलेल्या जाळीमुळेही दिसतात.

या सेटमध्ये पंपाची मोटर, जाळी, बहुधा फिल्टर, दाब राखणारा रेग्युलेटर आणि पेट्रोलची पातळी सांगणारा फ्लोट एकत्र बसवलेले असतात. इंजिनचा स्विच चालू ठेवून किल्ली फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक ‘घूंऽ’ असा आवाज येतो. तेवढ्या वेळात पंप लाइनमध्ये दाब तयार करतो. पुष्कळ दुचाक्यांत हा दाब तीन बारच्या आसपास असतो. आवाजच आला नाही, तर आधी बॅटरी, फ्यूज, रिले आणि गाडी आडवी पडल्यावर पुरवठा तोडणारा सेन्सर बघायचा. आवाज आला म्हणजे पंप ठणठणीत आहे, असंही नाही. जाळी तुंबलेली असेल तर मोटर फिरते, पण दाब चढत नाही. ते फक्त प्रेशर गेज सांगतो. विजेच्या तपासणीत तर एक चूक फार होते. पंपाचा कपलर काढून मल्टिमीटर लावला की गंजक्या तारेतूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण तेव्हा तारेतून करंट जवळपास वाहतच नसतो. कपलर जोडलेला ठेवून, पंप फिरत असतानाच मोजावं लागतं. बॅटरीवर साडेबारा आणि पंपाशी दहा व्होल्ट दिसले, तर अडीच व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवलेत : हिरव्या पडलेल्या पिनमध्ये, नाहीतर अर्थिंगच्या सैल बोल्टपाशी. त्याच पिनला नवा पंप जोडला, तर त्यालाही तेच दहा व्होल्ट मिळणार.

यावर कोणी म्हणेल, पंप खरोखर जातातच की. जातात. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपातल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. होंडा कार्सनेही २०२४ च्या अखेरीस ९०,४६८ गाड्यांचे पंप बदलायला घेतले. तिथे दोष पेट्रोल ढकलणाऱ्या चक्रीत, म्हणजे इम्पेलरमध्ये, होता. पण या उदाहरणांतून माझाच मुद्दा पक्का होतो. कंपन्यांनी सरसकट सगळे पंप बदलले नाहीत. दोष कशात आहे हे शोधून ठरावीक गाड्याच निवडल्या. अशा मोहिमेत आपली गाडी आहे का, हे चासी नंबरवरून कळतं, आणि असेल तर खर्च कंपनीचा. खिशात हात घालण्याआधी एवढं तरी पाहावं.

दुसरा आक्षेप इथेनॉलचा. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या गाड्यांच्या रबराला त्रास देऊ शकतं, हे खरं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं; ते प्रमाणाबाहेर साचलं की वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंपाची जाळीही तिथेच असते. पण म्हणूनच टाकीच्या तळाचं पेट्रोल आधी काचेच्या बाटलीत काढून बघायला हवं. दोन थर किंवा गंज दिसला, तर टाकी धुतल्याशिवाय नवा पंप बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हात सतत रिझर्व्हवर गाडी हाकणंही वाईट, कारण पंपाची मोटर पेट्रोलनेच थंड राहते.

मिस्त्रीची बाजूही रास्त आहे. तपासणीत तास जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. पार्ट बदलला की मजुरी मिळते. तेव्हा गिऱ्हाइकाने तपासणीची मजुरी वेगळी द्यायला हवी. पंप उघडायचं कामही जोखमीचं : लाइनमधला दाब सोडायचा, बॅटरी काढायची, मोकळ्या हवेत बसायचं, जवळपास विडी-काडी नको, आणि बसवताना ओ-रिंग नवीन. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा त्यात वाहनंही धरली होती. हा हक्क कळंबच्या गॅरेजपर्यंत पोचायचा, तर प्रत्येक मॉडेलचा पंपाचा दाब आणि वायरिंगचा नकाशा मराठीत आणि फुकट मिळाला पाहिजे, आणि नुसती जाळी किंवा ओ-रिंग सुटी विकत मिळाली पाहिजे.